वाड्याचा विमा किती रुपयांचा?

आग विझून दोन दिवस झाले होते, तरी चौकात पाऊल ठेवताच ओल्या कोळशाचा वास येत होता. पुण्याच्या पेठेतला दोन मजली वाडा. छप्पर आणि वरचा मजला बराचसा गेला होता. खालची ओसरी आणि तिचे सुरूच्या घाटाचे कोरीव खांब शाबूत होते. विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर म्हणून मी तिथे गेलो होतो. नुकसान मोजणे हे माझे काम. वाड्याचे मालक सत्तरीच्या पुढचे. ते म्हणाले, “साहेब, व्हायचे ते झाले. निदान विमा काढलेला आहे, तेवढे एक बरे.” पत्र्याच्या पेटीतून त्यांनी पॉलिसी काढून माझ्या हातात दिली. ती वाचली आणि पुढे त्यांना काय सांगावे लागणार, हे माझ्या लक्षात आले. त्या दिवशी मी तो विषय टाळला.

हिशेब समजावा म्हणून आकडे सोपे करून सांगतो. पॉलिसीत वाड्याची विमा रक्कम होती चाळीस लाख रुपये. तोच वाडा, तसाच सागवानात आणि चुन्यात पुन्हा उभारायचा तर खर्च आला असता एक कोटी साठ लाख. म्हणजे रुपयातल्या चार आण्यांचाच विमा उतरवलेला होता. आगीतले नुकसान निघाले चोवीस लाखांचे. मालकांना वाटत होते, चाळीस लाखांच्या पॉलिसीत चोवीस लाख सहज बसतील. पण अग्निविम्याच्या त्या वेळच्या पॉलिसीत एक कलम असे. ज्या प्रमाणात विमा कमी उतरवला, त्याच प्रमाणात दावाही कमी होणार. बाकीच्या भागाचा विमा मालकाने स्वतःच स्वतःकडे ठेवला, असे ते कलम मानते. विमा चार आण्यांचा, म्हणून भरपाईही चार आणे. चोवीस लाखांचे सहा लाख झाले.

यात कोणाची लबाडी नव्हती. कलम पॉलिसीत छापलेले होते. चूक झाली होती ती पॉलिसी काढताना. अर्ज भरणाऱ्याने घराचे क्षेत्रफळ घेतले, त्याला साध्या सिमेंट-काँक्रीटच्या बांधकामाच्या दराने गुणले आणि आलेला आकडा लिहून टाकला. फ्लॅटसाठी हे गणित ठीक आहे, वाड्यासाठी नाही.

साधे घर असते तर मालकांनी सहा लाखांत थोडी भर घालून स्लॅब टाकला असता आणि वेळ भागवली असती. पण हा वाडा महापालिकेच्या वारसा यादीत होता. दुरुस्ती मूळ रूपाला धरून करायची, आराखडा आधी मंजूर करून घ्यायचा. तसे करायला पैसे नाहीत आणि स्वस्तात करायला मुभा नाही, अशा पेचात ते सापडले. तात्पुरते म्हणून छपरावर पत्रे आले. तिसऱ्या पावसाळ्यात मागची भिंत बसली. आगीतून वाचलेला भागही पुढे राहिला नाही.

या प्रसंगानंतर जुन्या घरात राहणारे कोणीही भेटले की मी एकच प्रश्न विचारतो, “तुमच्या वाड्याचा विमा किती रुपयांचा आहे, आणि तो आकडा कुठून आला?” आजचे बोलणे या एका प्रश्नावर आहे.

आधी यादीविषयी. जुन्या वास्तूंची यादी करून त्यांच्या श्रेणी ठरवायच्या, ही पद्धत इंग्लंडमध्ये १९४७च्या नगररचना कायद्याने पक्की झाली. आपल्याकडे मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली. भारतातल्या शहरांमध्ये अशी नियमावली करण्यात मुंबईने पुढाकार घेतला. पुणे महापालिकेचीही अशी यादी आहे. पहिल्या श्रेणीतल्या वास्तूला आतून-बाहेरून धक्का लावता येत नाही. मजबुतीसाठी आवश्यक तेवढेच काम करता येते. दुसऱ्या श्रेणीत आतले काही बदल चालतात. तिसऱ्या श्रेणीत मोकळीक बरीच असते, पण परवानगी लागतेच. पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक ही मात्र वेगळी गोष्ट आहे; त्याला वेगळा कायदा आहे. तुमचे घर स्वतः स्मारक नसले तरी अशा स्मारकापासून शंभर मीटरांच्या आत असेल, तर दुरुस्तीलाही परवानगी घ्यावी लागते. शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे.

म्हणून विमा काढण्यापूर्वी आपले घर यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत आहे, हे महापालिकेत जाऊन लेखी विचारावे. ती श्रेणी विमा कंपनीलाही लेखी कळवावी. नुकसानीनंतर घर कोणत्या पद्धतीने दुरुस्त करावे लागेल हे श्रेणीवरून ठरते, आणि खर्च त्या पद्धतीवर अवलंबून असतो.

यादीतल्या घराला विमा असणे आणि नसणे यात काय फरक पडतो, हे इंग्लंडमधल्याच दोन आगींवरून दिसते. २० नोव्हेंबर १९९२ रोजी राणीच्या विंडसर कॅसलला आग लागली. एका दिव्याच्या उष्णतेने पडदा पेटला. एवढा मोठा राजवाडा, पण त्या इमारतीचा विमा नव्हता. दुरुस्तीला साडेतीन कोटी पौंडांहून अधिक खर्च आला. तो भागवण्यासाठी १९९३पासून बकिंगहॅम राजवाडा उन्हाळ्यात तिकीट लावून लोकांना खुला करण्यात आला. राणीकडे तिकीट लावायला दुसरा राजवाडा होता. आपल्याकडे नसतो.

दुसरी आग त्याआधीची, ३० ऑगस्ट १९८९ची. ससेक्स परगण्यात अपपार्क नावाचे सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले घर आहे. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांची आई तिथे घरव्यवस्थापक होती. ते घर नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात होते. छपरावरच्या शिशाच्या पत्र्याची दुरुस्ती संपत आली असताना कामगारांच्या ज्योतीने आग लागली आणि वरचे मजले कोसळले. पण या घराला विमा होता आणि तो घर पुन्हा उभारण्याच्या खर्चाचा होता. राखेचा ढीग गाळून कोरीव कामाचे तुकडे वेगळे काढले, डब्यांत भरून ठेवले आणि त्यांवरून कारागिरांनी नक्षी पुन्हा घडवली. १९९५ साली घर लोकांसाठी परत उघडले.

आता आपल्याकडे येऊ. भारतात १ एप्रिल २०२१पासून विमा नियामक प्राधिकरणाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी लागू केली आहे. आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणे, दंगल अशी संकटे तिच्यात येतात. पूर्वी भूकंपासाठी वेगळी जोड घ्यावी लागे. आता तो मूळ पॉलिसीतच आहे. इमारतीबरोबर घरातल्या सामानाचाही विमा घेतला, तर सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त दहा लाखांचे संरक्षण तपशील न देताही मिळते. जुनी चित्रे, दागिने, मौल्यवान वस्तू यांच्यासाठी वेगळी जोड घेऊन किंमत आधीच ठरवून घ्यावी लागते.

या पॉलिसीने एक मोठा दिलासा दिला. विमा कमी उतरवला म्हणून त्या प्रमाणात दावा कापण्याचे कलम तिच्यात लावले जात नाही. माझ्या त्या मालकांकडे ही पॉलिसी असती, तर चोवीस लाखांचे नुकसान चाळीस लाखांत बसले असते आणि भरपाई मिळाली असती. पण यावरून ‘आता आकडा काहीही लिहिला तरी चालेल’ असा अर्थ काढू नका. संपूर्ण वाडा जळाला असता तर हाती चाळीस लाखच आले असते, आणि उभारणी एक कोटी साठ लाखांची. विमा रकमेच्या वर कंपनी जात नाही. शिवाय अर्जात अजूनही चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर असेच गणित मांडलेले असते. तो दर फ्लॅटचा लावायचा की वाड्याचा, हे तुम्हाला सांगावे लागते.

या गणितात दोन उलट्या चुका होतात. पहिली आपण पाहिली. दुसरी चूक म्हणजे बाजारभाव लिहिणे. “बिल्डर पाच कोटी देतोय, तर पाच कोटींचा विमा काढू.” त्या पाच कोटींत मोठा वाटा जमिनीचा असतो. जमीन जळत नाही, म्हणून तिचा विमाही नसतो. जास्तीचा हप्ता वाया जातो.

मग बरोबर आकडा कसा काढायचा? जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला वास्तुविशारद किंवा स्थापत्य अभियंता बोलवावा आणि घर बाबवार मोजून घ्यावे. घडीव दगडाचे जोते किती, चुन्यातल्या विटांच्या भिंती किती, खांब, तुळया, कडीपाट मिळून सागवान किती घनफूट, कौलांचे छप्पर किती, शहाबादी फरशी किती. कोरीव काम क्षेत्रफळात बसत नाही, त्याची नगवार किंमत धरावी: दिंडी दरवाजा, गणेशपट्टी, खांबांवरची नक्षी, तक्तपोशी. चुना मळणारे आणि सागवान कोरणारे कारागीर आज कमी आहेत, त्यांच्या मजुरीचा दर वेगळा असतो. पेठेतल्या गल्लीत ट्रक शिरत नाही. राडारोडा डोक्यावरून वाहून न्यावा लागतो. तोही खर्च आहे. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वास्तुविशारद आणि तज्ज्ञांची फी दाव्याच्या पाच टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा हटवण्याचा खर्च दोन टक्क्यांपर्यंत मिळतो. वाड्याला हे पुरेल का, हे तज्ज्ञाला विचारून घ्यावे आणि पुरणार नसेल तर कंपनीकडे वाढीव मर्यादा मागावी. हे मूल्यांकन अर्जाला जोडून कंपनीची पोच घ्यावी. दर तीन-चार वर्षांनी ते नव्याने करावे. एकापेक्षा जास्त वर्षांची पॉलिसी घेतली, तर इमारतीची विमा रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी आपोआप वाढते. पण मूळ आकडाच चुकलेला असेल तर वाढूनही तो चुकीचाच राहतो.

अर्जातला आणखी एक रकाना जपून भरावा. बांधकाम पक्के की कच्चे? लाकूड आणि कौले पाहून काही जण ‘कच्चे’वर खूण करतात. अग्निविम्याच्या जुन्या दरपत्रकात कच्चे म्हणजे फळ्यांच्या, गवताच्या, बांबूच्या, ताडपत्रीच्या भिंती किंवा छप्पर. विटांच्या भिंती आणि कौलांचे छप्पर असलेला वाडा त्यात मोडत नाही. भिंत कशाची, सांगाडा कशाचा, छप्पर कशाचे, हे शब्दांत लिहून द्यावे. लाकडी सांगाडा आहे हे लपवूही नये. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी बाहेर येतेच.

आता मुदतीचा प्रश्न. अग्निविम्यात नव्याने उभारणीचा खर्च देणारे जे कलम असते, त्यात साधारणपणे नुकसानीपासून बारा महिन्यांत काम पुरे करावे अशी अट असते. ते केले नाही तर घसारा वजा करून भरपाई मिळते. दीडशे वर्षांच्या घराचा घसारा काय निघेल, याची कल्पना करा. इकडे वारसा समितीची मंजुरी, कारागीर मिळणे, लाकूड वाळणे यांतच वर्ष जाते. त्यासाठी मुदत वाढवून मागता येते, पण ती लेखी मागावी लागते आणि कंपनीने ती लेखी द्यावी लागते. परवानगीसाठी अर्ज केल्याच्या पोचपावत्या जपून ठेवाव्यात. उशीर आपल्यामुळे झाला नाही, याचा तोच पुरावा. स्थानिक प्राधिकरणाच्या नियमांमुळे वाढणारा खर्च मिळावा, अशीही जोड काही पॉलिसींना घेता येते. यादीतल्या घरासाठी तिची चौकशी अवश्य करावी.

कशाला भरपाई मिळत नाही, हेही स्पष्ट सांगतो. वाळवी, ओल, जुनेपणाने झिजलेली भिंत यांना विमा नाही. विमा अचानक आलेल्या संकटाचा असतो. पावसाळ्यात भिंत पडते तेव्हा वाद नेमका इथेच होतो. मालक म्हणतो पावसाने पडली, सर्व्हेअरला आतून पोखरलेली तुळई दिसते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्यात बसले. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या. तिथे कारण सर्वांना दिसत होते. एकट्या घराच्या बाबतीत ते सिद्ध करावे लागते. म्हणून देखभालीची बिले ठेवा. दर मे महिन्यात भिंतींचे आणि छपराचे फोटो तारखेसह काढून ठेवा. महापालिकेची ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस आली असेल तर कंपनीला कळवा. घर बंद ठेवून महिनाभराहून जास्त बाहेर राहणार असाल तर तेही कळवा; जुन्या अग्निविमा पॉलिसीत तीस दिवसांहून अधिक रिकाम्या राहिलेल्या इमारतीचे संरक्षण थांबत असे. आपल्या पॉलिसीत काय अट आहे ते वाचून पाहा. मुलगा अमेरिकेत आणि वाड्याला कुलूप, अशी कितीतरी घरे आज आहेत.

वाडा म्हटला की भाऊबंद आलेच. मिळकत पत्रिकेवर आजोबांचे नाव, राहणारा एक नातू, हिस्सेदार अकरा. पॉलिसी एकाच्या नावावर. नुकसान झाले की भरपाईवर हक्क कोणाचा, यावर धनादेश अडकतो आणि तोवर पाऊस घरात येतो. सर्व हिस्सेदारांची नावे पॉलिसीत घालावीत, किंवा त्यांची लेखी संमती घेऊन ठेवावी. भाडेकरूला इमारतीचा नाही, पण आपल्या सामानाचा विमा काढता येतो, आणि त्याने तो काढावा. खाली दुकान असेल, वर पर्यटकांसाठी खोल्या दिल्या असतील, तर तसे अर्जात लिहावे. घर म्हणून काढलेला विमा दुकानाला लागू पडत नाही.

आणि आता घराचे दप्तर. शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला आणि कित्येक दिवस धुमसत राहिला. आज आपण तिथे जोती पाहतो. आतले लाकडी महाल नेमके कसे होते, याबद्दल बरेचसे अंदाजच करावे लागतात. आपल्या घरावर ती वेळ येऊ नये. प्रत्येक खोलीचा मोजमापांसह नकाशा, प्रत्येक खांबाचा, दरवाजाचा, कोनाड्याचा फोटो, कौलाचा प्रकार, विटेचे माप, एवढे एका फाइलमध्ये असावे. तिची एक प्रत घरात, दुसरी गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे. त्या आगीत मालकांनी वरच्या मजल्यावरच्या कोरीव खांबांविषयी मला सांगितले, आणि ते खरे बोलत आहेत हे मला पटले. पण माझ्या अहवालात पुराव्याच्या रकान्यात लिहायला एक लग्नातला फोटो होता. त्यात नवरा-नवरीच्या मागे अर्धा खांब दिसत होता.

आग लागूच नये, हे सर्वांत स्वस्त. माळ्यावरून गेलेल्या कापडी वेष्टणाच्या जुन्या तारा बदलून घ्या. छपराच्या गळतीवर पेटत्या ज्योतीने डांबराचे काम करणाऱ्यांना लाकडी छपरावर परवानगी देऊ नका. अपपार्कची आग आठवा. कामे करणाऱ्या ठेकेदाराचा स्वतःचा विमा आहे का, हे काम देण्यापूर्वी विचारा. देवघरातली समई कोणी जवळ असतानाच तेवत ठेवा.

दावा नाकारला किंवा कमी मंजूर झाला असे वाटले, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. समाधान झाले नाही तर विमा लोकपाल आहेत. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालये आहेत आणि तिथे फी लागत नाही. पण लोकपालही कागद पाहूनच निर्णय देतात, आणि ते कागद आधीच करून ठेवावे लागतात.

आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर घराची शाकारणी करण्याची रीत आहे. कौले उतरवायची, फुटकी बदलायची, वासे तपासायचे. त्याच आठवड्यात पॉलिसीही पेटीतून बाहेर काढावी. विमा रक्कम वाचावी. हे घर उद्या पुन्हा उभारायचे झाले तर तेवढ्यात होईल का, असे सुताराला आणि गवंड्याला विचारावे. ते हसले, तर त्या दिवशीच आकडा बदलून घ्यावा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)